जिंकण्याचे प्रमाण खरेच बदलले का?

रत्नागिरीत कॅरमला मोठा मान आहे. भारताकडून खेळलेल्या आकांक्षा कदम याच गावच्या. पावसाळ्यात मैदाने चिखलाने भरली की शाळाशाळांतून कॅरम बाहेर निघतात. मग ‘महिन्याभरात त्याचा खेळ सुधारला’, ‘हल्ली तिचा हात बिघडला’ अशी विधाने कानी पडतात. ही विधाने खरी की नुसता भास, हे आपल्याला संगणकावर तपासता येईल. त्यासाठी एक्सेल किंवा लिब्रऑफिस कॅल्कसारखी साधी स्प्रेडशीट पुरते.

नोंद कशी ठेवावी?

प्रत्येक डावाला एक ओळ द्यावी. तीत तारीख, प्रतिस्पर्धी, ब्रेक कोणाचा आणि निकाल लिहावा. जिंकल्यास १, हरल्यास ०. सोंगट्या फोडण्याचा पहिला फटका ब्रेक करणाऱ्याला मिळतो, म्हणून ती नोंद वगळू नये. प्रतिस्पर्धी सोपा मिळाला तर खेळ न सुधारताही विजय वाढतात, हेही ध्यानात ठेवावे.

निकालाच्या स्तंभाची सरासरी म्हणजेच जिंकण्याचे प्रमाण. ते काळानुसार कसे बदलते हे पाहण्यासाठी विसाव्या ओळीसमोर पहिल्या २० निकालांच्या सरासरीचे सूत्र लिहावे आणि ते खाली ओढत न्यावे. दर ओळीला एक जुना निकाल गळतो आणि एक नवा येतो. ही झाली चल सरासरी. तिचा आलेख काढला की त्यात टेकड्या आणि दऱ्या दिसू लागतात. टेकडी दिसली की ‘सुधारणा’ आणि दरी दिसली की ‘घसरण’ म्हणण्याचा मोह होतो. येथेच थांबावे.

नाणे खेळले तर?

दुसऱ्या पानावर एक काल्पनिक खेळाडू उभा करू. रँड हे सूत्र ० ते १ मधली कोणतीही एक संख्या देते. ती ०.५ पेक्षा लहान असल्यास १, नाहीतर ०, असे ४०० ओळींत लिहू. या खेळाडूचे कौशल्य पहिल्या डावापासून शेवटच्या डावापर्यंत तसूभरही बदलत नाही. तरीही त्याच्या चल सरासरीचा आलेख काढून पाहा. त्यातही टेकड्या आणि दऱ्या आहेतच! १९२७ मध्ये यवगेनी स्लुत्स्की या अभ्यासकाने सरकारी लॉटरीत निघालेल्या आकड्यांची अशीच चल बेरीज केली, तेव्हा निव्वळ योगायोगातून तेजी-मंदीसारख्या लाटा उमटल्या. शेजारशेजारच्या दोन सरासऱ्यांत २० पैकी १९ निकाल समाईक असतात, म्हणून आलेख एकदम उडी न मारता लाटेसारखा हलतो.

किती चढउतार आपोआप होतो?

प्रमाण ‘प’ आणि डाव ‘न’ असतील, तर प × (१ − प) ÷ न याचे वर्गमूळ काढावे. हिला प्रमाण त्रुटी म्हणतात. साधारणपणे १०० पैकी ९५ वेळा निरीक्षण खऱ्या प्रमाणाच्या दोन्ही बाजूंना या त्रुटीच्या दुपटीच्या आत पडते. ‘प’ ०.५ धरल्यास २० डावांसाठी त्रुटी सुमारे ११ टक्के येते. म्हणजे २८ पासून ७२ टक्क्यांपर्यंतचे प्रमाण काहीही न बदलता दिसू शकते. १०० डावांत हा पट्टा ४० ते ६० आणि ४०० डावांत ४५ ते ५५ असा आकुंचित होतो. डाव चौपट केले की त्रुटी निम्मी होते.

दोन कालखंडांची तुलना करताना दोन्हींकडची त्रुटी मोजावी लागते. जूनमधील १०० डावांत ४८ आणि जुलैमधील १०० डावांत ५८ विजय मिळाले, तर फरक १० टक्क्यांचा. पण येथे १४ टक्क्यांपर्यंतचा फरक योगायोगानेही पडू शकतो. ५० वरून ५५ टक्के ही सुधारणा ओळखायची तर प्रत्येक कालखंडात सुमारे ८०० डाव हवेत. शिवाय कालखंडाची सीमा आलेख पाहण्यापूर्वीच ठरवावी. आधी टेकडी शोधून मग तिच्या पायथ्याशी रेघ मारली, तर सुधारणा दिसणारच.

पैसा लागला की

पोकर खेळणारे सॉफ्टवेअरच्या मदतीने दर १०० डावांमागची कमाई मोजतात. ‘बिग ब्लाइंड’ ही सक्तीने लावायची रक्कम हे त्यांचे एकक. समजा, एका खेळाडूची खरी कमाई दर शंभर डावांना ५ एकके आहे आणि १०० डावांच्या गटागटांत ९० एककांचे प्रमाण विचलन आहे. १०,००० डावांनंतर, म्हणजे १०० गटांनंतर, त्रुटी ९० ÷ १० = ९ एकके उरते, खऱ्या कमाईच्या जवळजवळ दुप्पट! असे दहा कुशल खेळाडू घेतले तर सुमारे तिघे तोट्यात दिसतील आणि तितकेच कच्चे खेळाडू स्वतःला तरबेज समजतील. ‘आता हात बसला’ या समजुतीने पैसे वाढवत नेणारा बहुधा अशाच एखाद्या टेकडीवर उभा असतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. पण हा भ्रम कायद्याने जात नाही, तो गणिताच्या तासालाच घालवावा लागतो.

आणि आपला निकाल?

हेच गणित शाळेलाही लागू पडते. दहावीला २५ विद्यार्थी असलेल्या लहान शाळेत एका मुलाने निकाल ४ टक्क्यांनी हलतो. खरे प्रमाण ९० टक्के असेल तर एका वर्षाची त्रुटी ६ टक्के येते. मग ९६ वरून ८८ वर आलेल्या निकालावरून शिक्षकांना बोल लावणे योग्य नाही आणि उलट झाले तर पाठ थोपटून घेणेही योग्य नाही. पाच वर्षांचे १२५ विद्यार्थी एकत्र घेतले की त्रुटी २.७ टक्क्यांवर येते आणि बोलण्याला थोडा आधार मिळतो.

कॅरमच्या नोंदी विद्यार्थ्यांकडूनच करून घ्याव्यात. खऱ्या खेळाडूचा आणि नाण्याचा आलेख नावे झाकून शेजारी लावावा आणि ‘यातला माणूस कोणता?’ असे वर्गाला विचारावे. ओळखणे कठीण गेले, तर धडा समजला असे मानायला हरकत नाही.