ठिणगी न पाडणारा उजेड

सोलापूरहून धुळ्याकडे जाणाऱ्या महामार्गावर येडशी आणि येरमाळा मागे पडलं की तेरखेडा लागतं. धाराशिव जिल्ह्याच्या वाशी तालुक्यातलं हे गाव मराठवाड्याची शिवकाशी म्हणून ओळखलं जातं. बालाघाटाच्या माळावर शोभेच्या दारूचे कारखाने आहेत आणि दिवाळी, लग्नसराई, गावोगावच्या जत्रा यांना इथून माल जातो. कारखान्यांतल्या स्फोटांत मजुरांचे जीवही गेले आहेत. उजेड हाच ज्या गावाचा धंदा, त्या गावात खिशात मावणाऱ्या बॅटरीबद्दल, म्हणजे विजेरीबद्दल, मला लिहायचं आहे; कारण अंधारात माणसाला दिसायला हवं आणि त्या दिसण्यासाठी काहीही पेटता कामा नये, ही गरज इथल्याइतकी निकडीची फार थोड्या ठिकाणी असेल.

आगीशिवाय उजेड हाती यायला तसा उशीरच झाला. डेव्हिड मिसेल या संशोधकाला नळीच्या आकाराच्या विजेरीचं अमेरिकन पेटंट 10 जानेवारी 1899 रोजी मिळालं. तेव्हाचे सेल इतके कमजोर होते की दिवा सलग लावून ठेवता येत नसे. पुढे सेल सुधारले, पत्र्याच्या नळीतली बॅटरी खेडोपाडी पोचली आणि कंदील हळूहळू खुंटीला गेला. पण त्या बॅटरीतही एक आग होतीच. बल्बमधली तार सुमारे अडीच हजार अंशांना तापते. काच फुटली तर ती तार जळून तुटण्याआधी क्षणभर उघडी राहते, आणि बारूद पेटायला तेवढा क्षण पुरतो.

कोळशाच्या खाणींनी हा धडा मोठी किंमत देऊन घेतला. 14 ऑक्टोबर 1913 रोजी वेल्समधल्या सेंगेनिडच्या खाणीत स्फोट झाला. 439 खाणकामगार गेले. संशय विजेच्या घंटेच्या ठिणगीवर गेला. इशारा देणारी साधी घंटा, तिचा विद्युतदाब अगदी कमी. तिच्याकडे कोण संशयानं पाहणार? पुढच्या प्रयोगांतून कळलं की अशा क्षुल्लक ठिणगीनंही खाणवायू पेटू शकतो. मिथेनला पेटायला एका ज्यूलच्या हजाराव्या भागाचाही जेमतेम तिसरा हिस्सा पुरतो. तिथून एक नवी रीत रुळली: विजेच्या मंडलात ऊर्जाच इतकी कमी ठेवायची की तार तुटली, बटण सैल झालं, तरी पडणारी ठिणगी काहीही पेटवू शकणार नाही. आज खाणींत, तेलशुद्धीकरण कारखान्यांत वापरल्या जाणाऱ्या सुरक्षित विजेऱ्या याच रीतीनं बनतात.

एलईडी आल्यावर तापलेली तार गेली. म्हणून बाजारातली कुठलीही एलईडी बॅटरी निर्धोक आहे, असा समज पसरला आहे. तो चुकीचा आहे. बटणातली ठिणगी तशीच राहते. लिथियमचा सेल चेपला किंवा आतून शॉर्ट झाला तर स्वतःच भडकू शकतो. हजाराच्या वर ल्युमेनच्या काही विजेऱ्यांची काच इतकी तापते की काळ्या कापडावर टेकवली तर कापड जळतं. मोबाइलचा उजेडही म्हणूनच निर्धोक नव्हे.

आणखी एक बाब, जी दुकानदार सहसा सांगत नाही. सुरक्षित विजेरीवर जो शिक्का असतो तो बहुधा ज्वालाग्राही वायू किंवा हवेत उडणारी धूळ यांच्यासाठी असतो. फटाक्याच्या मसाल्याचं तसं नसतं. सोरा किंवा बेरियम नायट्रेट आपला प्राणवायू सोबतच घेऊन येतात, त्यामुळे त्या मिश्रणाला पेटायला बाहेरच्या हवेची गरज नाही. वायूसाठीचा शिक्का ही बारुदाची हमी नव्हे. तेरखेड्यासारख्या ठिकाणी गोदामात कोणती विजेरी न्यायची हे पेसोच्या, म्हणजे नागपूरला मुख्यालय असलेल्या पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेच्या, मान्यतेवरून ठरवावं; किमतीवरून किंवा खोक्यावरच्या चित्रावरून नव्हे. सेल बदलायचे ते गोदामापासून लांब, बाहेर येऊन. आणि माझं स्पष्ट मत आहे की दिवाळीच्या तोंडावर कितीही घाई असली तरी मसाल्याचं काम दिवस मावळल्यावर होऊच नये. दिवसाच्या उजेडाइतकी सुरक्षित विजेरी कुणी बनवलेली नाही.

कारखान्याबाहेर मात्र रात्र टाळता येत नाही. शेतीपंपाची वीज आठवड्यातले काही दिवस रात्रीच येते. हरभऱ्याला, ज्वारीला पाणी द्यायचं तर मध्यरात्री उठून मोटार चालू करायची आणि बांधावरून जाऊन दारं धरायची. मण्यार रात्रीच फिरते. तिचा दंश अनेकदा दुखतही नाही, सूज येत नाही, आणि काही तासांत श्वास अडकतो. भारतात 2000 ते 2019 या काळात सर्पदंशानं वर्षाला सरासरी 58 हजार माणसं दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे; त्यांत बहुतेक खेड्यातली. डिसेंबर 2024 मध्ये येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यात, थेट यवतमाळच्या टिपेश्वरकडून चालत आलेला वाघ कॅमेऱ्यात दिसला, तेव्हा रात्री शेतात जाणाऱ्यांची काळजी आणखी वाढली.

रात्री शेतात जाणाऱ्या या माणसाला कसली बॅटरी हवी? दुकानात पहिला प्रश्न विचारला जातो तो 'किती लांब जाते?' लांबीचा आकडा कसा निघतो ते पाहिलं की त्याचा मोह कमी होतो. 2009 मध्ये ठरलेल्या अमेरिकन मानकानुसार झोताचा उजेड जिथं पाव लक्सवर, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका उरतो, तिथवरचं अंतर खोक्यावर छापतात. चांदण्यात मण्यार ओळखू येईल का? बांधावर चालणाऱ्याला पायापुढच्या चार पावलांवर पसरट, मऊ उजेड लागतो. शंभरेक ल्युमेन त्याला भरपूर होतात. बॅटरी किती तास चालते तो आकडाही नीट वाचावा लागतो, कारण उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा सगळा वेळ त्यात धरलेला असतो. एका हातात खोरं असतं, म्हणून डोक्याला बांधता येणारी किंवा खिशाला अडकणारी बॅटरी बरी. ती दगडावर पडणार, चिखलात बुडणार. आयपी-67 लिहिलेलं असेल तर धूळ आत जात नाही आणि मीटरभर पाण्यात अर्धा तास ती टिकते. सप्टेंबर 2025 च्या पुरात परंड्याकडे माणसं पाण्यात अडकली, हेलिकॉप्टरनं काढावी लागली. अशा वेळी ओली होऊन बंद पडणारी बॅटरी काय कामाची?

याच भागानं 30 सप्टेंबर 1993 ची पहाटही पाहिली आहे. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून माणसं झोपली होती. चारला काही मिनिटं कमी असताना भूकंपानं किल्लारी, सास्तूर आणि भोवतालची गावं कोसळली. दगडमातीच्या ढिगाऱ्याखालून हाक येते तेव्हा हाताला लागेल तो उजेड घेऊन माणूस धावतो. म्हणून घरातली एक बॅटरी उशाशी, ठरलेल्या जागीच असावी. तिच्यात चार्जिंगच्या सेलपेक्षा गावच्या दुकानात मिळणारे साधे सेल चालत असतील तर जास्त चांगलं, कारण आपत्तीत पहिली जाते ती वीज.

हेल्मेट, हातमोजे यांना आपण सुरक्षासाधन मानतो. बॅटरी मात्र ज्याची त्यानं विकत घ्यायची वस्तू राहिली आहे. शेतीला दिवसा वीज देण्यासाठी राज्यानं 2017 मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली, 2023 मध्ये तिचा दुसरा टप्पा सुरू केला. प्रत्येक फीडरवर दिवसाची वीज पोचेपर्यंत, रात्री मोटार चालू करायला लावणाऱ्या व्यवस्थेनंच पंपाच्या जोडणीसोबत एक पाण्यात टिकणारी बॅटरी आणि गुडघ्यापर्यंतचे बूट द्यावेत. वाशी, कळंब, भूम या तालुक्यांतून ही सुरुवात करता येईल.