निरोप निघाला, पण पोचला का?

लिंगनिश्चितीचा भाग शिकवताना आपण फळ्यावर दोन ओळी लिहितो : एक्सएक्स म्हणजे मुलगी, एक्सवाय म्हणजे मुलगा. मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणाऱ्या समाजात या दोन ओळी शिकवल्याच पाहिजेत, कारण वाय गुणसूत्र येते ते पित्याकडून. परंतु गुणसूत्रापासून शरीरापर्यंतची वाट लांब आहे. या वाटेवर कितीतरी जनुकांना आपापले काम चोख करावे लागते. त्यांपैकी दोन जनुकांची ओळख आपण येथे करून घेऊ.

गर्भातील निरोप

पहिले सहा आठवडे मुलाचा आणि मुलीचा गर्भ दिसायला सारखाच असतो. दोन्हींत नलिकांच्या दोन जोड्या असतात. एका जोडीपासून पुढे गर्भाशय व बीजवाहिन्या बनू शकतात, तर दुसरीपासून शुक्रवाहिन्या. सातव्या आठवड्याच्या सुमारास वाय गुणसूत्रावरील एसआरवाय या जनुकाच्या हुकमाने वृषण बनू लागते. पुढचे निरोप वाय गुणसूत्र नव्हे, तर वृषण पाठवते. एक प्रथिनरूपी संप्रेरक गर्भाशयाची नलिका नाहीशी करते. दुसरे संप्रेरक टेस्टोस्टेरॉन. ते शुक्रवाहिनीची नलिका टिकवून धरते.

टेस्टोस्टेरॉन हे स्टेरॉइड वर्गातील संप्रेरक आहे. कोलेस्टेरॉलच्या रेणूत २७ कार्बन अणू असतात. विकरे, म्हणजेच एन्झाइमे, या रेणूला एकेका पायरीने छाटत १९ कार्बनचे टेस्टोस्टेरॉन तयार करतात. परंतु बाह्य जननेंद्रिये घडवायला एवढे पुरत नाही. तेथील पेशींत ५-अल्फा रिडक्टेज नावाचे विकर टेस्टोस्टेरॉनला दोन हायड्रोजन अणू जोडते आणि डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन बनवते. याला आपण थोडक्यात डीएचटी म्हणू. बदल छोटा, पण निरोप कितीतरी जोरकस होतो.

सालिनासची मुले

डॉमिनिकन प्रजासत्ताकाच्या नैऋत्य भागात सालिनास नावाचे आडबाजूचे गाव आहे. तेथे काही मुले जन्मतः मुली समजली जात व तशीच वाढवली जात. बाराव्या वर्षाच्या सुमारास मात्र त्यांचा आवाज फुटे, खांदे भरत, शिश्नाची वाढ होई. गावाने अशा मुलांना 'ग्वेवेदोसे' असे नावच दिले होते. त्याचा अर्थ 'बाराव्या वर्षी वृषण'. यांतील बहुतेक जण पुढे पुरुष म्हणून जगत.

१९७४ साली ज्युलिअ‍ॅन इम्पेराटो-मॅक्गिनली व त्यांच्या सहकाऱ्यांनी याचे कारण प्रसिद्ध केले. ही मुले एक्सवाय होती. त्यांचे टेस्टोस्टेरॉन पुरेसे होते, पण डीएचटी फार कमी होते. गर्भात बाह्य इंद्रियांची घडण अपुरी राहिली ती यामुळेच. वयात येताना मात्र टेस्टोस्टेरॉनचा लोंढाच येतो आणि राहिलेले काम तो बऱ्याच अंशी स्वतःच उरकतो.

१९९१ मध्ये डेव्हिड रसेल यांच्या डॅलस येथील गटाने या विकराचे जनुक वेगळे केले. ते आहे दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर. विकरात २५४ अमिनो आम्लांची साखळी असते. सालिनासच्या मुलांत त्यांतील २४६ व्या जागी आर्जिनिनऐवजी ट्रिप्टोफॅन आढळले. डीएनएतील एका अक्षराचा हा फेरफार! आई व वडील दोघांकडून सदोष प्रत आली तरच परिणाम दिसतो. म्हणून नात्यात विवाह होणाऱ्या लहान समूहांत अशी मुले अधिक आढळतात.

या पुरुषांची पुरःस्थ ग्रंथी, म्हणजे प्रोस्टेट, आयुष्यभर लहान राहते. यावरूनच हे विकर रोखणाऱ्या औषधाची कल्पना पुढे आली. १९९२ पासून उतारवयात वाढलेल्या प्रोस्टेटवर फिनास्टेराइड वापरले जाऊ लागले.

ऐकणारा कानच नसेल तर?

आता दुसरे जनुक. टेस्टोस्टेरॉन आणि डीएचटी पेशीत शिरतात आणि तेथील ग्राही प्रथिनाला चिकटतात. मग ही जोडी केंद्रकातील डीएनएवर बसून ठराविक जनुके जागी करते. या ग्राहीचे जनुक वायवर नसून एक्स गुणसूत्रावर आहे! एक्सवाय व्यक्तीजवळ त्याची एकच प्रत असते. ती पूर्ण निकामी असेल, तर वृषणाने कितीही टेस्टोस्टेरॉन धाडले तरी पेशींच्या लेखी ते नसल्यासारखेच.

असे मूल मुलगी म्हणून जन्मते, मुलगी म्हणून वाढते. वयात येताना टेस्टोस्टेरॉनचे इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर होऊन स्तनांची वाढही होते. परंतु वृषणाच्या पहिल्या निरोपाने गर्भाशय नाहीसे झालेले असते. म्हणून पाळी येत नाही. पुष्कळदा तेव्हाच ही गोष्ट प्रथम उघडकीस येते.

मैदानावरील चाचणी

स्पेनची अडथळ्यांच्या शर्यतीतील धावपटू मारिया होसे मार्टिनेझ-पातिन्यो हिला १९८५ साली जपानमधील कोबे येथे गालाच्या पेशींच्या चाचणीत दुसरे एक्स गुणसूत्र न आढळल्यामुळे स्पर्धेबाहेर ठेवले गेले. पुढे बातमी फुटली. तिचे विक्रम पुसले गेले, शिष्यवृत्ती गेली. तिच्या पेशी टेस्टोस्टेरॉनला दाद देत नव्हत्या, म्हणजे त्याचा फायदाही तिला मिळत नव्हता. १९८८ मध्ये तिला पुन्हा परवानगी मिळाली.

१९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये ३,३८७ महिला खेळाडूंपैकी आठ जणींच्या चाचणीत वाय गुणसूत्राचा अंश आढळला. सात जणींत ग्राहीचा दोष होता, काहींत पूर्ण, काहींत अंशतः. आठवीत ५-अल्फा रिडक्टेजचा अभाव होता. आपण पाहिलेली हीच दोन जनुके! आठही जणींना खेळू दिले गेले. जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेने २०२५ पासून महिला गटासाठी एसआरवाय जनुकाची चाचणी लागू केली आहे. मात्र ज्यांचा ग्राही पूर्ण निकामी आहे, त्यांना तिनेही अपवाद ठेवला आहे.

वर्गात काय सांगावे?

फळ्यावरच्या दोन ओळी पुसायच्या नाहीत. त्यांत 'बहुधा' हा शब्द घालायचा आणि पुढे बाण काढून वृषण, संप्रेरक, विकर, ग्राही या पायऱ्या लिहायच्या. कोणत्या पायरीवर निरोप अडला तर काय होईल, हे विद्यार्थ्यांनाच विचारावे. उत्तरे तेच शोधतील.

पंधरा वर्षे पूर्ण होऊनही एखाद्या मुलीला पाळी आली नसेल, तर तिच्या आईशी एकांतात बोलून डॉक्टरांकडे जाण्यास सुचवावे. कारणे अनेक असतात आणि बहुतेकदा ती वेगळीच, साधी असतात. आणि समजा, कारण हेच निघाले, तरी त्यात त्या मुलीचा दोष नाही, आईचाही नाही. डीएनएच्या तीन अब्ज अक्षरांतले एखादे अक्षर बदलले, इतकेच. आपल्या वर्गात असे एखादे मूल बसलेले असू शकते, हे ध्यानात ठेवूनच हा धडा शिकवावा.