गळक्या बादलीतली आठवण

गळक्या बादलीत पाणी टिकवायचे कसे? हा प्रश्न मी वर्गात विचारला की "भोक बुजवा, सर!" असे उत्तर ताबडतोब येते. पण भोक बुजवणे शक्यच नसेल तर?

इंग्लंडमधील मँचेस्टर विद्यापीठाच्या विद्युत-अभियांत्रिकी विभागात १९४७ साली प्रा. फ्रेडरिक विल्यम्स आणि टॉम किलबर्न यांच्यापुढे नेमका हाच पेच होता. पाण्याच्या जागी विद्युतभार होता, एवढाच फरक. संगणकाला आकडेच नव्हे तर आज्ञाही स्वतःजवळ साठवता आल्या पाहिजेत, हे तोवर पटले होते. पण साठवायच्या कोठे? दोघेही महायुद्धात रडारवर काम केलेले. कॅथोड-किरण नळी त्यांच्या रोजच्या हाताळणीतली. जुन्या टीव्हीत आणि प्रयोगशाळेतील दोलनदर्शकात असते तीच ही नळी.

इलेक्ट्रॉनांचा झोत नळीच्या पडद्यावर आदळला की काय होते? कॅरम आठवा. स्ट्रायकर एकच, पण त्याच्या तडाख्याने सोंगट्या चार उडतात. त्याचप्रमाणे आत येणाऱ्या इलेक्ट्रॉनांपेक्षा पडद्यातून बाहेर उडणारे इलेक्ट्रॉन जास्त असू शकतात. मग त्या ठिकाणी धनभार उरतो. ही झाली नोंद. काचेच्या बाहेरून एक धातूची पट्टी लावलेली असते. झोत पुन्हा त्या जागेवर आला की भारात बदल होतो आणि पट्टीत सूक्ष्म विद्युतस्पंद उमटतो. स्पंदाच्या स्वरूपावरून तेथे ० होता की १ हे कळते.

अडचण एकच: हा भार सेकंदाच्या काही अंशातच गळून जातो! तेव्हा त्यांनी भोक बुजवण्याचा नाद सोडला. भार गळून जाण्यापूर्वीच वाचायचा आणि जे वाचले तेच पुन्हा लिहायचे. असे अखंड करीत राहायचे. १९४७ च्या अखेरीस एका नळीवर २०४८ अंक तासन्‌तास टिकू लागले.

पण खऱ्या गणिताच्या धबडग्यात ते टिकतील काय? ते पाहण्यासाठी एक छोटे यंत्र बांधले गेले. त्याचे लाडके नाव 'बेबी'. बाळ कसले, सुमारे ५५० निर्वात नळ्यांचे धूड होते ते! स्मृती मात्र ३२ अंकी ३२ ओळींची. त्याला बेरीजही येत नसे, फक्त वजाबाकी. (मग बेरीज कशी करीत असतील? वहीत करून पाहा.) सुरुवातीला पडद्यावरचे ठिपके नुसतेच वेडेवाकडे नाचत. अखेर २१ जून १९४८ रोजी किलबर्नने लिहिलेला १७ आज्ञांचा कार्यक्रम अचूक चालला.

काही दिवसांतच त्याला २ चा १८ वा घात, म्हणजे २,६२,१४४, ही संख्या देण्यात आली. हिचा, ती स्वतः सोडून, सर्वांत मोठा विभाजक कोणता? तुम्ही चटकन म्हणाल, निम्मा! बेबीने मात्र २,६२,१४३ पासून उतरत एकेक संख्या तपासली आणि ५२ मिनिटांनी १,३१,०७२ हे उत्तर दिले. हा वेडेपणा मुद्दाम केलेला होता. उत्तर आधीच माहीत होते. परीक्षा स्मृतीची होती. त्या ५२ मिनिटांत एखादा अंक जरी गळाला असता, तर सारेच मुसळ केरात!

निर्वात नळ्या केव्हाच मागे पडल्या. पण मोबाइल फोनच्या मुख्य स्मृतीत आजही अंक ठेवतात ते अतिसूक्ष्म धारित्रांत, आणि तीही गळकीच असतात. म्हणून त्यांतला प्रत्येक अंक सेकंदातून अनेक वेळा वाचून पुन्हा लिहावा लागतो. तुम्ही फोन बंद करता, तेव्हाच हे भरणे थांबते आणि बादली रिकामी होते.