कॅन्सरचे उपचार चालू असताना झोप का उडते?

मी शेतीखात्याचा माणूस, डॉक्टर नव्हे. पण गावोगावच्या घरांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते, म्हणून आज पीक-पाण्याचे बाजूला ठेवतो.

घरातल्या बाईला कॅन्सर झाला की बार्शीला नाहीतर मुंबईला परळला नेणे-आणणे होते. औषध, गाडीभाडे, पैसा, सगळ्याची चर्चा होते. ती मात्र रात्रभर टक्क जागी असते, हे कोणी विचारत नाही आणि तीही सांगत नाही. "एवढ्या मोठ्या दुखण्यात झोपेचे काय घेऊन बसायचे?" असे तिला वाटते. तसे नाही. झोप उडण्याला कारणे असतात आणि बऱ्याच कारणांवर उपाय असतो.

एक कारण औषधातच असते. केमोने उलट्या होऊ नयेत म्हणून डेक्सामेथासोन देतात. औषध गुणाचे, पण झोप उडवते. दिवसाची दुसरी गोळी संध्याकाळऐवजी दुपारी घेतली तर चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. आपल्या मनाने बंद करू नका. केमोने पाळी अवेळी थांबली, किंवा स्तनाच्या कॅन्सरसाठी टॅमॉक्सिफेन चालू असली, की अंगातून वाफा निघतात, मध्यरात्री घामाने कपडे भिजतात. बायका हे लाजेने बोलत नाहीत. यावरही डॉक्टरांकडे इलाज असतो. तोवर सुती कपडे, उशाशी पाणी आणि बदलायला एक कोरडा जोड ठेवावा.

आता घराकडे या. पाण्याची पाळी रात्रीची असली की दार वाजते, बॅटरी चमकते, मोटार सुरू झाली का म्हणून फोन येतो. तिचे अंथरूण आतल्या खोलीत टाका. धार दुसऱ्या कोणी काढावी. केमो चालू असताना जंतूंची लागण लवकर होते, म्हणून शेण-गोठा तिने टाळलेलाच बरा. भेटायला येणारे पाहुणे दिवसा येऊ द्या. जेवणानंतर तिच्यासमोर खर्चाचा हिशेब काढू नका. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची चौकशी दिवसा, रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे करावी.

मायेपोटी आपण तिला दिवसभर पडून राहायला लावतो आणि तिची रात्र घालवतो. दुपारी अर्धा तास डुलकी पुरे. जमेल तसे सकाळ-संध्याकाळ बांधापर्यंत चालू द्या. दुपारनंतर चहा नको. दुखण्याची गोळी दिली असेल तर ती ठरल्या वेळेला घ्यावी, कळ असह्य होईपर्यंत थांबू नये. झोपेची गोळी मेडिकलमधून परस्पर आणू नका.

डेअरीच्या पुस्तकात सकाळ-संध्याकाळ दुधाची नोंद होते ना, तशी वही झोपेची करा. कितीला आडवी झाली, किती वेळा उठली, कशाने? कळ, लघवी, घाम की काळजी? पुढच्या खेपेला ती वही डॉक्टरांपुढे ठेवा. तपासणीच्या खोलीत तिच्या वतीने नवराच बोलतो, असे फार होते. तिला बोलू द्या.

एक गोष्ट मात्र झोपेच्या खात्यात टाकू नका. केमो चालू असताना रात्री थंडी वाजली किंवा ताप १००.४ अंश फॅरनहाइट वा त्याहून वर गेला, तर तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नका. त्याच घटकेला रुग्णालयाला फोन करून निघा. थर्मामीटर घरात असावा. गाडीवाल्याचा नंबर भिंतीवर लिहून ठेवावा. गाडी मिळाली नाही तर १०८ आहेच.