लॅटिनचं पहिलं पुस्तक
आता अमेरिकेत मुलांना घरीच शिकवणाऱ्या पालकांचा प्रश्न घेऊ. आठ वर्षांच्या मुलाला लॅटिनचं कुठलं पुस्तक द्यायचं? आपण आधी हे बघू, की शिकवणाऱ्या आईला लॅटिन येतं का. बहुधा येत नाही. मग चार महिन्यांत वही बंद पडते. तिला ‘प्रिमा लॅटिना’ सोयीचं, कारण पाठ आखून दिलेले आहेत. उच्चार मात्र चर्चचा, सिसेरोचा ‘चिचेरो’ करणारा. अभिजात उच्चारात तोच ‘किकेरो’. ‘मिनिमस’ ही ब्रिटनमधल्या रोमन किल्ल्यातल्या कुटुंबाची आणि उंदराची चित्रकथा. मूल रमतं, पण विभक्ती पक्क्या होत नाहीत. ‘रामः रामौ रामाः’ घोकलेल्या मराठी आईनं तर तक्ते बिनधास्त शिकवावेत, ‘मिनिमस’ रविवारी वाचावं.