टी-पेशी थकतात की आवरतं घेतात?
पावसाळ्यात आणि त्यानंतर छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात डेंग्यूचे रुग्ण येतात. तिथल्याच एआरटी केंद्रातून एचआयव्हीबाधित वर्षानुवर्षं गोळ्या नेतात. दोन्ही आजारांत प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी लढतात, पण वेगळ्या रीतीने. डेंग्यूत त्या झपाट्याने वाढून बाधित पेशी मारतात. विषाणू हटला की त्यांतल्या बहुतेक मरतात, थोड्या स्मृतिपेशी उरतात. एचआयव्ही मात्र हटत नाही. तो सीडी४ या मदतनीस टी-पेशी संपवत जातो आणि सतत चिथावल्या गेलेल्या मारक सीडी८ पेशींवर पीडी-१ हा रोधक रेणू ठाण मांडतो. त्यांचा मारा मंदावतो.

याला ‘थकवा’ म्हणतात. माझ्या मते त्यात बराचसा आत्मसंयम आहे. २००६ साली उंदरांतल्या चिवट संसर्गात पीडी-१ची वाट अडवल्यावर विषाणू घटला खरा. पण पीडी-१चा जोडीदार रेणू जन्मतःच नसलेले उंदीर त्याच संसर्गात स्वतःच्याच प्रतिकाराने दगावले. कुणी म्हणेल, संयमाने रोग कुठे बरा होतो? होत नाहीच, एचआयव्ही सीडी४ स्मृतिपेशींत दडून बसतो, म्हणून गोळ्या सोडता येत नाहीत. पण औषधाने विषाणू दबला की सीडी४ची संख्या बहुधा सावरते. म्हणून लगाम सैल करण्याआधी चिथावणी थांबवणं महत्त्वाचं.