एक ओळ, दोन दिवस

“तू दिवसभर नुसती बघतच बसतेस की गं!” दिंडोरीहून आलेले अप्पा म्हणाले. मी नाशिकच्या पाथर्डी फाट्यावरच्या घरात बसून द्राक्षांच्या पॅकहाऊसचं सॉफ्टवेअर सांभाळते. बोटं चालली तरच काम चाललं, असा अप्पांचा हिशेब. ते आले त्या दोन दिवसांत मी कोडची लिहिली होती फक्त एक ओळ.

ऐन हंगामात फोन आला: “ताई, गट १२/२ चा प्लॉट दिसत नाही, गाडी थांबलीय.” युरोपला जाणारी पेटी कुठल्या प्लॉटची, हे सांगता यावंच लागतं. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढ-नियंत्रक रसायनाच्या अंशावरून आपली द्राक्षं तिथे अडकली होती. तो धसका बागाईतदार विसरलेले नाहीत.

माझ्या संगणकावर सगळं सुरळीत. सकाळ गेली जुना कोड वाचण्यात. लिहिणारा कधीच नोकरी सोडून गेलेला, एका शब्दाची टीप मागे न ठेवता. दुपारी पॅकहाऊसच्या सुपरवायझरला म्हटलं, प्लॉटच्या यादीत दिसतंय ते जसंच्या तसं वाचा. “१२ फेब्रुवारी.”

यादी एक्सेलमध्ये भरलेली, आणि १२/२ दिसताच एक्सेलनं त्याची तारीख केली. माझ्या चाचणीतला गट होता ४५/२. पंचेचाळीस तारीख नसते, म्हणून माझ्याकडे काही बिघडलंच नाही. (सातबारा लिहून पाहा, ७ डिसेंबर होतो.) याच खोडीपायी २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी मार्च-१, सेप्ट-१ अशा मानवी जनुकांची नावं बदलली, एक्सेल बदलण्यापेक्षा ते सोपं पडलं म्हणायचं!

गट नंबरच्या रकान्यात तारीख आली तर यादी परत पाठवायची, एवढीच माझी ओळ. दुसरा दिवस जुन्या याद्या तपासण्यात, पुण्याच्या सहकाऱ्याकडून कोड वाचून घेण्यात आणि ती ओळ चालू करण्यासाठी रात्री पॅकिंग थांबायची वाट पाहण्यात गेला.

आयबीएमच्या ओएस/३६० या संगणक-प्रणालीचं काम सांभाळलेल्या फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ च्या पुस्तकात वेळेची वाटणी दिली आहे: एक तृतीयांश आखणी, एक षष्ठांश कोड, उरलेला निम्मा वेळ तपासणी. माझ्या वाट्याला तो षष्ठांशही क्वचितच येतो.

अप्पांना हे सांगितलं. ते म्हणाले, “मग त्या एक्सेलवाल्याला फोन कर ना!”

तो उचलणार नाही. तेव्हा गट नंबर भरणाऱ्यांनी आधी तो रकाना ‘टेक्स्ट’ करून घ्यावा, ही विनंती.